वरच्यांचे बार, खालच्यांचे बार

गुरुजी, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमची आठवण काढणारी बहुतेक मी एकटीच उरले असेन, आणि मीसुद्धा रोज उठून काढते असं समजू नका. घरात कामं असतात. पण आज नातीच्या एका प्रश्नानं तुम्ही डोक्यात येऊन बसलात ते उठायचं नाव घेईनात, म्हणून तिच्याच वहीची मागची पानं घेऊन लिहायला बसले. अक्षर तुम्ही सोडलं होतं तसंच आहे. कोंबडी शाईत पाय बुडवून पानावरून गेली काय गं, असं तुम्ही विचारायचात. ती कोंबडी आता म्हातारी झाली आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

नातीची परीक्षा आहे. इतिहासाच्या पुस्तकात प्रश्न आहे की दोन महासत्ता एकमेकींसमोर अणुबॉम्ब रोखून का उभ्या राहिल्या, कारणे लिहा. पोरगी खाटेवर उताणी पडून पाठ करत होती. म्हणाली, "आजी, पाच मार्कांना पाच कारणं लागतात, मला तीनच येतात." मी शेंगा फोडत होते. म्हटलं, "मला सगळी येत्यात." ती हसली. तिला वाटतं मी शाळेचं दारसुद्धा बघितलेलं नाही. "तू रशिया बघितलायस का आजी?" म्हटलं, "रशिया न्हाई बघितला, पण वरचं घर आन् खालचं घर बघितलंय. तुझ्या पुस्तकवाल्यानं ते न्हाई बघितलं." मग तिला सगळी हकिकत सांगितली. सगळी म्हणजे, मी नेहमी सांगते तेवढी. तुम्हाला तर तेवढीही ठाऊक नाही. उरलेलं लिहायचं म्हणूनच बसले आहे, पण आधी तुम्हाला ठाऊक असलेलं सांगते, म्हणजे मी उगाच रचून सांगतेय असं तुम्हाला वाटणार नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आणे घाटाखाली आमची वाडी, दगडात पेरल्यासारखी. तुम्ही आलात तेव्हा तुमच्या अंगात कोट आणि कोटाच्या खिशाला फौंटन पेन होतं. वाडीनं कोट बघितला आणि ठरवलं, हा माणूस दिवाळीपर्यंत टिकत नाही. तरी तुमच्या जेवणाची वाटणी केली. सकाळची भाकरी वरच्या घरची, संध्याकाळची खालच्या घरची. दोन्ही घरं एका भावकीतली, दोन्हीकडचे आबा एकमेकांचे चुलतभाऊ, जमिनी लागून, मधे एक बांध आणि बांधाच्या तोंडाशी तुमची एका खोलीची शाळा. भाकरी आणायचं काम माझं. माझी आई विधवा, दोन्ही घरच्या रानात कामाला जायची, त्यामुळे दोन्ही स्वयंपाकघरांत मला कुणी अडवत नव्हतं. मी चौथीत होते. तुम्ही एकदा आमच्या दारात उभे राहून आईला म्हणालात, "ही पोरगी चौथी पास झाली की मी हिला जुन्नरला पाचवीत घालतो. राहायची सोय माझ्या बहिणीकडे करतो." आई म्हणाली, "आन् कांदा कोन निंदंल?" तुम्ही म्हणालात, "मी निंदतो." आईनं तुम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमी? ह्या कोटात?" पण हसली, आणि हसल्यावर म्हणाली, चौथी पास झाली तर बघू. तेव्हापासून माझं सगळं जुन्नर त्या चौथीच्या खुंटीला टांगलेलं होतं. मी जुन्नर तोवर बघितलंही नव्हतं. तिथं दोन मजली घरं आहेत एवढं ऐकलं होतं.

तुमचा पेपर जुन्नरहून कुणी येईल त्याच्या पिशवीतून यायचा, तीन दिवसांचा शिळा, त्यावर कधी मिरचीचा तर कधी बोंबलाचा वास. तो तुम्ही आम्हाला वाचून दाखवायचात. एक दिवस फळ्यावर दोन गोळे काढलेत. हा अमेरिका, हा रशिया. म्हणालात, हे दोघं मोठ्या लढाईत एका बाजूला होते. लढाई संपली, समोरचा शत्रू संपला, मग दोघांना एकमेकांकडे बघायला सवड मिळाली. एकाकडे बॉम्ब होता. दुसऱ्याला झोप येईना, त्यानंही केला. मग पहिल्यानं त्याहून मोठा केला. पेपरात त्या धुराचं चित्र होतं, ते तुम्ही वर धरून दाखवलंत. मी विचारलं, "गुरजी, ही आळंबी खायची का?" सगळी पोरं हसली, तुम्ही हसला नाहीत. "ही उगवते तिथं खाणारं कुणी राहत नाही." मग मी विचारलं, आपुन कुणाच्या बाजूचं? तुम्ही दोन गोळ्यांच्या मधोमध खडूचा एक ठिपका दिलात. "कुणाच्याच नाही. आपण मधे." मी म्हटलं, "मधी म्हंजे दगुड पडत्यात तितं." तुम्ही मला कोपऱ्यात उभं केलंत, थोरांच्या गोष्टीत तोंड घालते म्हणून. पुढं शाळेच्या कौलांवर खराच दगड पडला तेव्हा तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत. ते मी विसरलेले नाही.

तो दगड विहिरीचा. त्या साली दोन्ही घरांनी विहिरी काढायला घेतल्या, बांधाच्या अल्याड एक, पल्याड एक. पाणाड्यानं दोघांनाही सांगितलं होतं की खाली झरा एकच आहे, ज्याची विहीर आधी खोल जाईल त्याला पाणी आणि मागे राहील त्याला खड्डा. आता एवढं ऐकल्यावर माणसानं पाणाड्याला चहा पाजून दोघांत एक विहीर काढावी. पण मग भावकी कशाला म्हणायची? खाली काळा पाषाण. त्याला पहारीनं भोकं पाडायची, भोकात सुरुंगाची दारू ठासायची, वरून माती दाबायची, वात बाहेर ठेवायची, पेटवायची आणि पळायचं. एका भोकाला आम्ही एक बार म्हणायचो. रीत अशी होती की पेटवण्याआधी काठीला लाल फडकं बांधून हाळी द्यायची, बार किती ते ओरडून सांगायचं. शेजाऱ्यानं आपली माणसं-जनावरं हलवून उलट हाळी दिली की मगच वातीला काडी लावायची. मग सगळी वाडी घरात बसून बार मोजायची. सांगितले तेवढे उडाले की बाहेर यायचं.

त्या दिवशी वरच्या आबांनी हाळी दिली. खालच्या आबांनी उलट हाळी दिली नाही, कारण ते दाढी करून घेत होते आणि न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर होता. गळ्यावर वस्तरा असताना माणूस हाळी देत नाही. वरच्यांनी वाट बघितली, कंटाळले आणि पेटवून दिलं. दोन दगड उडाले. एक शाळेच्या कौलांवर पडला, दुसरा खालच्या घरची कौलं फोडून थेट काकीच्या ताकाच्या डेऱ्यात. डेरा फुटला, ताक चुलीत गेलं, चूल विझली, आणि न्हावी पळाला तो आबांची दाढी अर्धी टाकून. तशा अर्ध्या दाढीनं आबा बांधावर आले.

"हाळी दिली व्हती मी!"

"मी उलट दिली व्हती का?"

"तू मुका झाला का काय, मला कसं कळावं?"

"फुडच्या खेपंला माझा दगुड तुझ्या माजघरात न्हाई आला तर मिशी उतरवीन."

"उतरीव की. अर्दं त्वांड तर झालंच हाय."

हे सगळं तुम्ही शाळेच्या दारातून बघत होता. मीही बघत होते. पुढचं मात्र तुम्ही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तुमची भाकरी आणायला वरच्या घरी गेले तर काकीनं विचारलं, "काय गं, खालची किती भोकं पाडत्यात?" मी चार बघितली होती. पण काकीच्या हातात गुळाचा खडा होता, आणि चार म्हणायला तोंड उघडलं तसा तो मला बारीक दिसायला लागला. म्हटलं, "सात." खडा मोठा झाला. सात ऐकून वरच्यांनी नऊ भोकं धरली. संध्याकाळी खालच्या काकीनं विचारलं, वरच्यांची किती? मी म्हटलं अकरा, तर गुळाबरोबर मूठभर शेंगदाणेही आले. त्या आठवड्यात मी जेवढा गूळ खाल्ला तेवढा नंतर चार बाळंतपणांत मिळून खाल्ला नाही. आणि खोटं बोलत होते असंही कसं म्हणू? सकाळी सांगितलेलं खोटं संध्याकाळपर्यंत खरं व्हायचं. ऐकणारा तेवढी भोकं पाडायचाच.

दोन्ही विहिरी ठासून भरल्या. सुरुंगवाला दोघांचा एकच होता, सकाळी इकडे ठासायचा, दुपारी तिकडे. त्याला कुणी समोरच्याचा आकडा विचारला तर म्हणायचा, "मी हाताचा मानूस, तोंडाचा न्हाई." शेवटी त्यानं दोन्ही आबांना बांधावर बोलावलं. "एकानं आदी उडवा, दुसऱ्यानं आठ दिस थांबा." वरचे म्हणाले, हा थांबणार न्हाई, मी वात पेटवून पळालो की मागून ह्यो पेटवील. खालचे म्हणाले, अगदी हेच मला ह्याच्याबद्दल वाटतंय. सुरुंगवाल्यानं पहार खांद्यावर टाकली. "मग तुमचं तुमी बघा. मला लेकरंबाळं हायत," म्हणून तो महाळुंगे पडवळला दुसऱ्या कामावर निघून गेला. बार तसेच राहिले. ठासलेला बार उकरता येत नाही, उकरायला जाणारा आधी जातो. आणि पेटवायचं तर पहिल्यानं कुणी?

मग वरचे आबा विहिरीच्या काठावर घोंगडं टाकून बसले, मांडीवर काडीपेटी. मी ती बातमी खाली नेली. खालचे आबा येऊन बसले, मांडीवर दोन काडीपेट्या. मी ती वर नेली. वातीला काडी एकच लागते, हे त्या दोघांनाही कळत होतं, तरी वरच्यांनी तिसरी पेटी आणवली. चार दिवसांत दुकानातल्या पेट्या संपल्या आणि वाडीतल्या बायका चूल पेटवायला एकमेकींकडून शेणीवर विस्तव मागून न्यायला लागल्या. गुरं त्या रानात कुणी सोडेना. शाळा दोन्ही विहिरींच्या मधोमध, म्हणून आयांनी पोरं घरी ठेवली. ज्या शनिवारी शाळा बंद झाली त्या शनिवारी तुम्ही मला बजावलं होतं, "सोमवारी तेविसाचा पाढा म्हणून दाखवायचा. तू बाविसात अडकून बसलीस तर जुन्नरही तिथंच अडकेल."

वरच्या घरी मुलीचं लग्न होतं. बांगड्या भरायला जुन्नरचा मणेर चाचा आला, पाठीवर बांगड्यांचं ओझं घेऊन, आणि वेशीतच बसला. म्हणाला, "आदी तुमचे बार काढा, मग बांगड्या भरतो. माल काचेचा हाय, आन् मी पन." वरची काकी म्हणाली, "आवो चाचा, कुनी पेटवत न्हाई!" चाचा म्हणाला, "पेटवायचं न्हाई तर भरलं कशाला, भाबी?" याचं उत्तर नातीच्या पुस्तकातही नाही, मी तिच्याकडून शोधून घेतलं.

तुम्ही दोन्ही घरी समजवायला गेलात. दोघांनीही तुम्हाला पाट दिला, चहा दिला आणि सांगितलं, त्याला आधी मिटवायला सांगा. तुमची पाठ वळली की वर म्हणायचे, "मास्तर सांजचं तितं जेवतो, आपला आकडा तोच न्हेतो." खाली म्हणायचे, "सकाळचं तितं खातो, मिठाला जागतो." डोक्यावर भाकरी घेऊन दोन्ही चुलींपुढं बसणारी पोरगी कुणाला दिसत नव्हती. तुम्हाला दिसली. बंद शाळेत बोलावून तुम्ही माझा हात पाटीवर ठेवलात. "इकडचं तिकडं करायचं नाही. विद्येची शपथ घे." मी घेतली. तुम्ही मला ओरडला नाहीत, मारलं नाहीत. त्यापेक्षा मारलं असतंत तर बरं, गुळाची चव तरी राहिली असती.

त्यानंतर तीन-चार दिवसांची गोष्ट. मी वरच्या घरी जाते तर काकी पाठमोरी बसून आबांचं धोतर धुते आहे आणि पाणी काळं निघतं आहे. आबा विहिरीत उतरून वात चाचपून आले होते. खालून ओल फुटली होती, भोकंच्या भोकं पाझरत होती, दारूचा चिखल झाला होता. काकी म्हणाली, "खालच्यांना कळलं तर आमाला जगू देत्याल का? बोलू नगंस," आणि गुळाचा अख्खा खडा माझ्या हातात. संध्याकाळी मी खाली जाते तर खालच्या काकीच्या हातात तसलंच काळं धोतर. "वरच्यांना कळलं तर आमाला जगू देत्याल का? बोलू नगंस." पुन्हा खडा. झरा एकच होता ना, भिजवायला त्याला बांध थोडाच दिसतो! आता दोघांकडेही उडण्यासारखं काही नव्हतं, दोघंही आपापल्या चिखलावर काड्यापेट्या घेऊन बसले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याचं कोरडं आहे. हे जगात एकट्या मलाच ठाऊक. दोन्ही हातांत दोन खडे घेऊन मी शाळेच्या पायरीवर आले, तर तुम्ही बसलेले. म्हणालात, तपासणीचे साहेब येणार आहेत, शाळेला कुलूप दिसलं तर माझी धडगत नाही. मग माझ्याकडे नीट बघून विचारलंत, "दोन्ही घरांत तू जातेस. काही कळलंय का? शपथ राहू दे, मला सांग."

मी म्हटलं, "न्हाई, गुरजी."

दुसऱ्याच दिवशी साहेब आले, कुलूप बघितलं, वाडीत चौकशी केली. दोन्ही आबा त्या सालात पहिल्यांदाच एका तोंडानं बोलले की मास्तर चुगल्या करतो. साहेबांनी तिथंच हुकूम लिहिला, बदली आहुप्याला. आम्ही जिल्ह्याच्या या टोकाला, आहुपे डोंगरावर त्या टोकाला, मधे दोन दिवसांची वाट. तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी दोन्ही विहिरींत कमरेएवढं पाणी उभं होतं, दोन्हीकडे एकाच उंचीचं. बार कुठं, वाती कुठं, काही दिसेना. दोघे आबा आपापल्या काठावर येऊन वाकले. मग वरचे म्हणाले, "भ्याला." खालचे म्हणाले, "कोन भ्याला, ते पान्याला ठावं." आणि दोघं मोट बसवायच्या तयारीला लागले. मणेर चाचानं बांगड्या भरल्या. काड्यापेट्या पुढं दोन वर्षं पुरल्या. नवे मास्तर यायला साल गेलं, तोवर आईनं माझ्या हातात खुरपं दिलं होतं, आणि त्याच्या पुढच्या साली माझं लग्न झालं. जुन्नर मी बघितलं ते नवऱ्याचा दात काढायला गेले तेव्हा. घरं खरंच दोन मजली होती.

नातीनं सगळं ऐकून वहीत पाच कारणं पुरी केली. चौथं लिहिलं, मधे बातम्या नेणाऱ्यांचं तोंड गोड होत होतं. पाचवं, दोघांचेही बार भिजले होते पण आधी कुणी सांगायचं? मग स्वतःच पाचवं खोडलं. म्हणाली, "आजी, यांचे भिजलेले नाहीत गं, खरे आहेत. बाई मार्क देणार नाहीत." मग विचारलं, "पण तू गुरुजींना सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, शपथ घेतली होती ना, विद्येची. हेच मी नवऱ्याला सांगितलं, पोरांना सांगितलं, आता तिला सांगितलं. ती म्हणाली, किती प्रामाणिक होतीस गं, आणि झोपायला गेली.

ती शपथ मी त्याआधीच दोनदा मोडली होती, गुरुजी, एकदा तर नुसत्या चिंचेसाठी. तुम्ही पायरीवर विचारलंत तेव्हा शपथ माझ्या मनातसुद्धा नव्हती. मला एवढंच दिसलं की मी बोलले तर उद्या शाळा उघडेल आणि तुम्ही तेविसाचा पाढा विचाराल, आणि मला तेवीस सक अडतीसासेच्या पुढं येत नव्हतं. वाटलं, आणखी दोन दिवस मिळाले तर होईल पाठ, मग सांगू. झालाही. दोन दिवसांत अख्खा झाला. म्हणून दाखवायला पळत आले तर शाळेपुढं बैलगाडी उभी, तुमची ट्रंक दोरीनं बांधलेली आणि ट्रंकेवर तुम्ही, त्याच कोटात. मला बघून म्हणालात, "काय गं, झाले का तेवीस?" मी मान हलवली, नाही म्हणून. तोंड उघडलं असतं तर पाढ्यामागून ते दुसरंही बाहेर पडलं असतं. तुम्ही म्हणालात, होतील, घाई नाही. आणि गाडीवानानं बैलांच्या पाठीवर थाप मारली.

ही पानं कुठं पाठवायची नाहीत. वही सकाळी शाळेत जाणार, त्याआधी मी ती फाडून घेईन आणि शेंगांची टरफलं गुंडाळून टाकीन. तेवीस सत्ते एकसष्टासे. गाडी हलली तेव्हा येत होतं, गुरुजी.